अर्ध्या दिवसाचे बूट

एस.टी.त तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेल्या माणसाने रेल्वेने प्रवास करू नये, असं माझं मत आहे. पण कराडहून नागपूर म्हणजे राज्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं, आणि एवढा वेळ बसमध्ये बसायला माझे गुडघे तयार नव्हते. गाडी वेळेवर सुटली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर पोचली. त्यामुळे वाटेत तक्रार करायला काही मिळालं नाही.

पिशवीत दोन जोड कपडे, बीपीच्या गोळ्या आणि माझ्या नातवाचे बूट होते. विहान सहा महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा त्याची दोन्ही पावलं आत वळलेली होती. डॉक्टरांनी दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत ती हळूहळू सरळ केली आणि शेवटी टाच बधिर करून एक बारीकसा छेद दिला. मोठं ऑपरेशन टळलं. मग आले हे बूट. दोन्ही बूट एका आडव्या पट्टीला जोडलेले, चवडे बाहेरच्या दिशेला. पहिले तीन महिने आंघोळ सोडली तर सतत घालायचे आणि पुढे चारपाच वर्षं झोपेत. नाही घातले, तर पावलं पुन्हा आत वळतात.

बूट आता लहान होत आले होते; मी परत येईपर्यंत डॉक्टरांनी तात्पुरता दुसरा जोड दिला होता. अशा मुलांच्या आईबापांनीच चालवलेली एक संस्था नागपुरात आहे. ती लहान झालेले बूट घेते आणि पुढच्या मापाचे देते. माझी सून स्नेहल त्यांच्या फोनवरच्या ग्रुपात आहे. हे सगळं कुरियरने झालं असतं, पण स्नेहलने मलाच कुरियर केलं. "बाबा, तुम्ही स्वतः जाऊन बघून या. मी चार दिवस रजा घेते," एवढंच म्हणाली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मुलगा आणि सून कामावर गेले की विहान दिवसभर माझ्याकडे असतो. तो रडायला लागला की मी बूट काढत असे, आणि दोघं यायच्या आधी पुन्हा चढवत असे. रोज. त्यात काय एवढं, असं मला वाटायचं. उलट, एकदाच कापून मोकळं का होत नाही, म्हणून मी मुलाशी भांडलोही होतो.

नागपूर स्टेशनाबाहेर पोह्यांच्या गाडीवर थांबलो. इथे पोह्यांवर हरभऱ्याची तर्री (वर लाल तेल तरंगणारा रस्सा) घालतात. गाडीवाल्याने विचारलं, "काका, तर्री कमी देऊ का?" मी त्याला सांगितलं की मी कराडचा आहे. पुढची दहा मिनिटं मी काहीच बोललो नाही. त्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला समजावलं, "कराडचे हायेत."

रिक्षाने नंदनवनला वंदनाताईंच्या घरी गेलो. संस्था त्याच चालवतात. त्यांच्या मुलीचे पायही असेच होते, ती आता कॉलेजात कबड्डी खेळते. संस्थेचं कार्यालय म्हणजे त्यांची बैठकीची खोली आणि एक लोखंडी कपाट. कपाटात नुसते बूट. रविवार असल्यामुळे सातआठ आईबाप लेकरं घेऊन सतरंजीवर बसले होते.

इथली एक रीत मला कोणी सांगितलेली नव्हती. परत आलेला बूट कपाटात जाण्याआधी सगळ्यांसमोर हुंगतात. एका तरुण बाईने जोड पुढे केला. वंदनाताईंनी त्यात नाक घातलं आणि डोळे मिटले. "काय वास हाये," त्या म्हणाल्या. "शाबास वं." सगळ्यांनी त्या बाईकडे कौतुकाने पाहिलं. ती लाजली.

मग माझा जोड. वंदनाताईंनी एकदा हुंगला, पुन्हा हुंगला आणि शेजारच्या गृहस्थांकडे दिला. "भौ, तुमी पाहा बरं." त्यांनीही हुंगला. आत बोट घालून टाचेचा ठसा चाचपला.

"वास हाये," ते म्हणाले, "पण अर्ध्या दिवसाचाच हाये."

"आमच्याकडची हवा कोरडी आहे," मी म्हणालो.

"दिवसा लेकराजवळ कोण राह्यते, आबाजी?" वंदनाताईंनी विचारलं. आबाजी म्हणजे आजोबा.

"मी."

तीस वर्षं मी ड्रायव्हरांच्या थापा नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघून पकडल्या होत्या. त्या वेळी त्यांना कसं वाटत असेल, ते मला त्या सतरंजीवर कळलं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी वाद घातला. "एवढा त्रास लेकराला कशाला? एकदाच कापलं की संपलं."

वंदनाताई चिडल्या नाहीत. "माह्या भावाचं कापलं होतं लहानपणी," त्या म्हणाल्या. "पाय सरळ दिसते. पण कडक झाला. चाळिशीचाबी नाही तो, अन् जिना उतरताना कठडा धरते." मग माझे बूट कपाटात ठेवत म्हणाल्या, "वाईट नका वाटून घेऊ. आमी सगळ्यायनंच कधी ना कधी बूट काढले. म्हणून तं वास समजते. चला, तुमाले खापरखेड्याले नेतो. जेवण तिथंच करू."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघालो. हेल्मेट त्यांच्या मुलीचं होतं आणि माझ्या डोक्याला ते मान्य नव्हतं. शहर संपून बराच वेळ झाल्यावर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या आणि मग कितीतरी वेळ नुसत्या दिसतच राहिल्या. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर राखेची साय होती. वंदनाताईंनी वाटेत दोन खड्डे चुकवले आणि बाकीचे मला दाखवले.

तिथल्या वसाहतीत देविदासजी नावाच्या गृहस्थांचं क्वार्टर होतं. ते वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मुलगा आता तिथेच कामाला आहे. वयाने माझ्याएवढेच असावेत. त्यांच्या सूनबाईंनी गोळाभात वाढला (भातात शिजवलेले डाळीचे तिखट गोळे, कुस्करून वर कडकडीत फोडणीचं तेल). तिखटाबद्दल मी या वेळी काही बोललो नाही. भात फार चांगला होता. दोनदा घेतला.

जेवताना त्यांची चार वर्षांची नात पिहू पाण्याचा तांब्या घेऊन आली. उजवं पाऊल सरळ पडत होतं. डावं मात्र आत वळलेलं, बाहेरच्या कडेवर टेकत होतं. त्या कडेला घट्टा पडला होता. माझ्यापर्यंत येईस्तोवर अर्धं पाणी सांडलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. माझा घास मात्र हातात राहिला.

"दोन्ही पाय सरळ झाले होते," देविदासजी म्हणाले. "मंग बूट आले. दिवसा मीच सांभाळत होतो तिले. पोट्टी रडली का मी काढून टाकायचो. सून विचारे, बाबा, घातले होते ना? मी हो म्हणत जायचो."

सूनबाई भात वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मले तिचं रडणं पाहवत नव्हतं," ते म्हणाले. "आता चालणं पाहवत नाही."

पुढच्या आठवड्यापासून पिहूला पुन्हा प्लॅस्टर लागणार होतं. वंदनाताई त्याचीच वेळ ठरवायला आल्या होत्या. सरळ होईल, त्या म्हणाल्या, पण आता ती चालती आहे, हट्ट करते, जास्त जड जाईल. निघताना देविदासजी माझ्यासोबत फाटकापर्यंत आले.

"तुमचा नातू केवढा हाये गा?"

"सहा महिन्यांचा."

"मंग टाइम हाये तुमच्यापाशी," ते म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या मापाचे बूट घेऊन परतीच्या गाडीत बसलो. खिडकीबाहेर पऱ्हाटी (म्हणजे आपली कपाशी), तूर, मधेच एखादं गाव. एवढ्या लांब जाऊन मी काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फारसं नाही. ना दीक्षाभूमी पाहिली, ना फुटाळा तलाव. एका पोरीला पाण्याचा तांब्या आणताना पाहिलं. मी ज्याला माया म्हणत होतो, ती निम्मी माझ्याच कानांची सोय होती. हे समजायला मला रेल्वेचं तिकीट काढावं लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.

घरी पोचलो तेव्हा स्नेहल गवार निवडत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "मी दिवसा बूट काढत होतो."

"किती वेळा?"

"रोज."

तिने गवार निवडायची थांबवली. मग उठून डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी विहानची पावलं हातात घेऊन वळवून पाहिली. उजवं ठीक होतं. डावं थोडं आत ओढत होतं. नवे बूट घालण्याआधी त्या पायाला दोन प्लॅस्टर लागतील, म्हणाले. कसं झालं, ते त्यांनी विचारलं नाही. स्नेहलनेही सांगितलं नाही. तिने नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

विहानला टेबलावर ठेवलं. पाय धरताच त्याने रडायला सुरुवात केली, आणि माझ्याकडे बघूनच रडला, कारण आजवर अशा वेळी सोडवणारा मीच होतो.

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला बघवणार नाही."

"बघतो," मी म्हणालो, आणि त्यांनी दाखवला तसा विहानचा गुडघा धरला.