बायकार्ब सरांची तोंडी परीक्षा

बायकार्ब सरांनी औषध कधी कंपनीच्या नावाने मागितलं नाही. माझ्या मेडिकलच्या काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून ते म्हणायचे, "मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड दे बे." मी बाटली काढली तरी हात पुढे करायचे नाहीत. आधी प्रश्न. "याच्यात ॲल्युमिनियमवालं कावून मिसळलं?" मागे गिऱ्हाइकं ताटकळत असायची आणि पन्नाशीला आलेला मी पाठ म्हटल्यासारखं सांगायचो, "सर, मॅग्नेशियमनं पोट सुटते, ॲल्युमिनियमनं धरते. दोन्ही संग असले की बरोबर राहते." "हं. आता दे." उत्तर चुकलं तर बाटली तशीच ठेवून निघून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न घेऊन यायचे.

अमरावतीच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. तिवशाजवळच्या खेड्यातून आलेला माणूस. वर्गात पुस्तकी मराठी बोलायला सुरुवात करायचा आणि रंगात आला की वऱ्हाडीवर उतरायचा. पहिल्याच तासाला त्यांनी लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला. पेला फसफसून टेबलावर सांडला. "हेच तुमच्या पोटात होते. सोडियम बायकार्बोनेट आम्लाले भेटलं की वायू निघते. त्याले तुमी ढेकर म्हनता अन् वर हात जोडता." त्या दिवसापासून ते बायकार्ब सर झाले. हे नाव त्यांनाही माहीत होतं. हजेरी घेताना म्हणायचे, "बायकार्ब आला हाय, गोंधळ बंद."

एकदा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, शिकवत होते. तेसुद्धा आम्ल मारतं, असं ऐकल्यावर मी पोरांना हसवायला फळ्याजवळचा खडू उचलून कचाकचा खाल्ला. सर शांतपणे जवळ आले. "चव कशी हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "सर, ॲसिडिटी गेली." "पोट्ट्या, पुस्तकातला खडू येगळा. हा फळ्याचा खडू जिप्समचा. याले तुया आम्लाचं काही घेणं-देणं नाही. दिसाले सारखं म्हणून कामाले सारखं नसते." वर्ग हसला, मीही हसलो. त्यांचं हे वाक्य आता मला एकट्याने दुकानात बसू देत नाही.

निवृत्तीनंतर सकाळी फिरून ते माझ्याकडे टेकायचे आणि फुकट सल्ले द्यायचे. ब्लडप्रेशरवाल्या बाईला, "सोडा नोको घेऊ माय, त्यात मीठच हाय समज." लोहाच्या गोळ्या घेणाऱ्याला, "दोन तासाचं अंतर ठेव, नाहीतर गोळी वाया जाते." रोज बाटली नेणाऱ्या रिक्षावाल्यावर तर ते चक्क खेकसले होते, "हे ॲसिडिटीचं औषध म्हणजे मध्यस्थ हाय. थो भांडण थांबवते. भांडण कावून लागलं, ते थो नाही सांगत. डॉक्टरकडे जा." मी गमतीने म्हणायचो, "सर, तुम्ही माझं दुकान बंद पाडता." "तुयं दुकान नाही बंद पडत बे. वऱ्हाडात लोकं तिखट खाणं सोडतीन तवा पडंन."

मे महिन्यातल्या त्या सकाळी दुकानात गर्दी होती. सर आले, काउंटरला टेकले नाहीत, सरळ म्हणाले, "छातीत जळजळून राहिलं. तुयापाशी जे असंन ते दे. लवकर." चेहरा घामाने निथळत होता. अमरावतीत मे महिन्यात कोणाचा निथळत नाही? प्रश्न विचारला नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. हेच खरं आहे. मी बाटली दिली, त्यांनी तिथेच टोपणभर औषध घेतलं, ढेकर दिली आणि म्हणाले, "बरं वाटते." मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. दुपारी ते गेले. हृदयाचा झटका होता.

सरांच्या पत्नीला, काकूंना, वाटत राहिलं, आपल्यामुळेच ते गेले. आदल्या रात्री त्यांनी रोडगे आणि झणझणीत वांग्याची भाजी केली होती. सर दोनदा मागून जेवले होते. त्यानंतर त्या घरात मिरची आली नाही. मी हे ऐकून होतो, आणि त्यांच्या गल्लीतून जायचं टाळत होतो.

पहिल्या स्मृतिदिनाला मात्र गेलो. बुद्धवंदना झाली, पंगत बसली. सरांच्या भाच्याने घास घेतला आणि म्हणाला, "मामी, हे वांगं हाय का दवाखान्यातलं जेवण?" दोघं-तिघं हसले. काकू वाढता वाढता थांबल्या. "माया हातच्या तिखटानं एक माणूस गेला बाबू. अजून कोणाले घालवू?" मी ताट सारून उठलो.

माणसं गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी सांगितलं. "काकू, तिखटाचं काही नव्हतं. झटका होता. त्या सकाळी सर माझ्या दुकानात आले होते. छातीत जळजळ म्हणाले. घाम फुटला होता. मी ओळखायला हवं होतं. मी ॲसिडिटीचं औषध दिलं."

"मले तर फिराले जातो म्हनले," काकू म्हणाल्या. मग विचारलं, "खूप दुखून राहिलं होतं का त्यायले?"

"लवकर दे, म्हणाले."

"बसाले सांगितलं होतं तू त्यायले?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. वर्षभर मी स्वतःला लक्षणं विचारली होती, औषधं विचारली होती. खुर्ची माझ्या मागेच होती.

"नाही काकू. गर्दी होती."

"म्हणजे उभेच होते."

"हो."

त्यांनी पदराने हात पुसले. माझ्यासाठी नवं ताट घेतलं, भात वाढला, त्यावर ती फिकट भाजी घातली. मी दारातच हात पुढे केला.

काकूंनी ताट दिलं नाही. पायाने पाट माझ्याकडे सरकवला.

"बस आधी," त्या म्हणाल्या.