गंगाक्काचा डंक आणि माझा भाडेकरार

शिवाजी पेठेतला एक गाळा कागदोपत्री माझा आहे. त्यात गंगाक्का मिरची कुटायचा डंक चालवते आणि वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको शिंकतो.

नोकरीत होतो तोवर निम्म्या शिंका मी ऑफिसात जाऊन चुकवल्या. निवृत्त झाल्यावर मात्र सोसेना. भाडेकरार संपत आलाच होता. मी खाली जाऊन (नाकाला रुमाल लावून) सांगितलं, "अक्का, यंदा करार वाढवणार न्हाय. मेडिकलवाल्याला गाळा द्यायचाय."

"चटणीचा सीझन तरी होऊ दे की, मालक."

"न्हाय. मुदत म्हंजे मुदत."

"बरं," म्हणाली आणि तिनं डंकच बंद केला.

इतक्या सहज ऐकणारी बाई गंगाक्का नव्हे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या घेऊन येऊ लागल्या. अक्का पायरीवर बसून प्रत्येकीला सांगत होती, "मालकांनी बंद केलंय. वर जाऊन त्यास्नीच इचारा."

बायका वर आल्या. "भाजलेली मिरची परत न्हेऊन मऊ पडतीया. ऱ्हाऊ दे हितंच." जेवणवेळेपर्यंत दिवाण, सोफा आणि माझी आरामखुर्ची पिशव्यांखाली गेली. गुदमरायला लागलं म्हणून मी पंखा लावला. माझ्या आयुष्यात मी बरेच चुकीचे निर्णय घेतलेत, पण इतक्या लवकर अंगाशी आलेला हाच. सगळी खोली खोकायला लागली.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. तिच्याही हातात पिशवी.

"अहो, आपली मिरची कुठं कुटायची?"

"आपलीसुद्धा?"

"मग वर्षभराची चटणी काय मेडिकलमधनं आणणार?"

मी खाली गेलो. "अक्का, डंक चालू करा. करार वाढवतो."

"आता पाच वर्साचा करायचा. आन् आवाज, मिरचीचा खकाणा, कशाचीबी तक्रार करणार न्हाय, हे बी लिवायचं."

सगळ्या पिशव्या मीच खाली उतरवल्या. अक्कानं हातही धुऊ न देता मला रिक्षात घालून कराराच्या नोंदणीला नेलं. बायकोही आली. तिथं फोटोसाठी मी चष्मा काढला आणि त्याच मिरचीच्या हातांनी डोळे पुसले.

मग धारा लागल्या त्या थांबेचनात. कॅमेऱ्यामागची मुलगी घाबरली. "काका, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का आणि बायको एका सुरात म्हणाल्या, "न्हाय."

फोटोत मी ढसाढसा रडतोय. खाली 'राजीखुशीने' असं छापलंय, आणि साक्षीदार म्हणून बायकोची सही आहे.