खिडकीतल्या बाईचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. तुम्हाला सांगतेय — कारण तुम्ही मला ओळखत नाही.

नवरा गेल्यावर मी सिंगापूरला मुलाकडे आले. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. नातवाला काही विचारलं तर तो इंग्रजीत उत्तर देतो आणि दार लावून घेतो. सेम्बावांगला आमच्या ब्लॉकमागे एक छोटं चर्च आहे. मी हिंदू, तरी तिथे जाऊन बसायचे. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातलं चर्च बंद पडलं, तेव्हा तिथल्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या रंगीत काचा इथे आणून बसवल्या, असं तिथे नेहमी येणाऱ्या ग्रेस आंटीने सांगितलं. आंटी ऐंशीच्या पुढची, माझ्यासारखीच एकटी. दर शनिवारी ती त्या काचा पुसायची — कापूस आणि साधं पाणी. एकदा तिने मलाही कापूस दिला आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत बजावलं, “ओन्ली वॉटर. फेस डोन्ट टच, लाह.”

एवढ्या शहरात कुणीतरी मला काम सांगितलं होतं! किती बरं वाटलं म्हणून सांगू?

पण माझा स्वभाव — घासल्याशिवाय स्वच्छ झालंसं वाटतच नाही. खिडकीत कणसं वेचणारी एक बाई होती. तिच्या गालावर, डोळ्यांखाली काळपट तपकिरी काहीतरी दिसायचं. शंभर वर्षांची काजळी, दुसरं काय? एका शनिवारी आंटी कॉफी आणायला गेली आणि मी पिशवीतून खाण्याचा सोडा काढला. हो, घरूनच नेला होता. मग चुकून झालं असं तरी कसं म्हणू?

ती काजळी नव्हती. काचेवर रंगवलेला चेहराच होता तो. कापसावर नाक आलं, एक डोळा आला. मी कापूस पर्समध्ये कोंबला. आंटीच्या अधू नजरेला काही दिसलं नाही.

रविवारी सगळ्यांना दिसलं. आंटीचा हात थरथरतो, हे ठाऊक होतंच; तिच्याच हातून झालं, असं सगळ्यांनी धरलं. कुणी रागावलं नाही. आता तुम्ही आराम करा, असं तिला गोडीत सांगितलं, बस्स. करून सवरून मी नामानिराळी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे — आंटीलाही ते खरं वाटलं. बाकावर बसून ती स्वतःची बोटं बघत राहिली. मग म्हणाली, “माय हँड नो गुड ऑलरेडी. सॉरी, आह.”

सॉरी — मला! आणि मी काय केलं? तिचा हात हातात घेतला. म्हटलं, होतं असं आंटी, मनाला लावून घेऊ नका. मी तिला माफ केलं.

शनिवारी काचा आता मी पुसते. आंटी येत नाही. ती दोन ब्लॉक सोडून राहते, सातव्या मजल्यावर. मी एकदाही गेले नाही.