दुसऱ्याची सही

नट सोडवण्याआधी उपेंद्रकाका तो धुतात. जुना टूथब्रश आणि वाटीत रॉकेल.

काम सुरू करताना हत्यारं मोजतात. थांबवताना पुन्हा मोजतात. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती पिवळ्या रंगानं काढलेली आहे. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी घरातून कुणी हलायचं नाही. लतिकाकाकूंच्या मावसबहिणीचं लग्न दहा-अकराच्या पान्यामुळे चुकलं. पाना काकांच्याच खिशात होता.

बॉनेट उघडं असताना चहा घेत नाहीत. तासाभरानं कप तोंडाला लावतात आणि काकूंना विचारतात, "थंड का दिलास?"

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात. तेव्हा घरात फोडणीसुद्धा द्यायची नाही.

रस्त्यात कुणाच्या गाडीचा आवाज खटकला तर स्कूटरवरून पाठलाग करतात. सिग्नलला गाठून सांगतात, "तुमचा टॅपेट वाजतोय." लोक घाबरतात.

"झालं" हा शब्द वापरत नाहीत. "सध्या ठीक आहे," म्हणतात.

मी त्यांच्याकडे सत्त्याण्णवच्या जूनमध्ये भाडेकरू म्हणून आलो. गंगापूर रोडला आतल्या गल्लीत लहानसा बंगला, वर एक खोली. सामान घेऊन फाटकातून शिरलो तर पोर्चमध्ये एक गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं नव्हती. खालून दोन पाय बाहेर आले होते.

"भाडेकरू का?" पायांनी विचारलं.

"हो. आल्हाद."

"काय करतोस?"

"एम.ए. मराठी."

खाली पाना फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे गाडीतलं काही कळत नसेल."

"काहीच नाही."

"उत्तम," पाय म्हणाले.

त्या वेळी मला वाटलं, हा माणूस सभ्य आहे. अडाणी माणसाला बरं वाटावं म्हणून बोलला.

काका, म्हणजे उपेंद्र चांदवडकर, ओझरच्या विमान कारखान्यात होते. विमानाच्या चाकांचं काम. सकाळी कारखान्याची बस, संध्याकाळी परत, आणि कपडे बदलून गाडीखाली. गाडी होती छप्पन्न सालची फियाट. गोल पाठीची. लोक तिला डुक्कर फियाट म्हणतात. काकांसमोर म्हणत नाहीत. ती त्यांच्या सासऱ्यांची. ते मालेगावात डॉक्टर होते. मोसम नदीच्या दोन्ही काठांवर तीस वर्षं त्या गाडीतून ते पेशंट बघत फिरले. ते गेल्यावर गाडी सात वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. काकांनी ती ट्रकवर घालून नाशिकला आणली ती पंच्याण्णव साली. "सहा महिन्यांत चालवतो," असं तेव्हा म्हणाले होते. काकू हे वाक्य तारखेसकट म्हणून दाखवायच्या.

काकूंना घाई असण्याचं कारण होतं. त्यांची आई, वत्सलाबाई, मालेगावच्या घरात एकट्या राहायच्या. वय शहात्तर. दोनदा मोरीत पडल्या होत्या. काकू त्यांना नाशिकला आणायला बघत होत्या. वत्सलाबाई यायला तयार होत्या, पण एका अटीवर.

"येते ना. पण ह्यांच्या गाडीतून येईन. माझ्या हातानं घराला कुलूप लावीन आणि मागच्या सीटवर बसून येईन. एस्टीची पिशवी घेऊन जावयाच्या दारात उभी राहणार नाही."

"आई, टॅक्सी करू."

"टॅक्सी काय, पेशंटसुद्धा करतात."

म्हणजे गाडी तयार झाली की आई येणार. गाडी तयार होत नव्हती, म्हणून आई मोरीत पडत होती. काकूंचं गणित इतकं सरळ होतं.

गाडी चालू होत नव्हती असं नाही. मी आलो त्याच वर्षी दिवाळीत चाकं बसली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. मी टाळ्या वाजवल्या. काकूंनी आत जाऊन मालेगावला फोन लावला. काकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टीअरिंगला लाल फडकं बांधलं.

"आता काय?" काकूंनी विचारलं.

"तपासणी राहिली."

"तुम्हीच तर केलंय सगळं!"

"म्हणूनच."

कारखान्यात नियम होता. ज्यानं काम केलं त्यानं ते पास करायचं नाही. करणारा एक, बघणारा दुसरा. दुसऱ्याची सही झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर जात नाही. काकांनी घरीसुद्धा लांब रजिस्टर आखलं होतं. एकशे चौदा नोंदी. पहिल्या रकान्यात काम करणाऱ्याची सही. एकशे चौदा वेळा उ. चांदवडकर. दुसरा रकाना कोरा.

आधी त्यांनी एका मिस्त्रीला बोलावलं होतं. त्यानं टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "काका, बिनधास्त न्या." काकांनी त्याला चहा न देता पाठवलं. शेजारचे बँकवाले आले. ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सुंदर!" त्यांचंही नाव कटलं.

मग माझा नंबर लागला.

"मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

"कळतं तो अंदाज करतो. तुला कळत नाही, म्हणून तू बघशील."

दोन वर्षं मी दर रविवारी त्या गाडीत डोकं घातलं. एका नोंदीला एक तास. काका आधी समजावत, मग मी बघायचं, मग हात लावायचा, मग सही. मी लवकर सही करायला गेलो तर पेन काढून घेत. "काय पाहिलंस ते सांग." मी सांगायचो. ते म्हणायचे, "वर्णन नको. घट्ट आहे की नाही?"

वर्षभरात एकतीस सह्या झाल्या. मध्येच त्यांना गिअरच्या दांड्यात कातड्याचा एक तुकडा सापडला. कापड विणायच्या मागाचा होता. ॲक्सिलरेटरची स्प्रिंगही मागाचीच निघाली. डॉक्टरांच्या मालेगावच्या मिस्त्रीनं पावरलूमचं सामान बसवून गाडी वीस वर्षं पळवली होती. काका तो तुकडा हातात घेऊन बसले. चेहरा असा, की जणू जेवणात खिळा सापडला.

वत्सलाबाई फोनवर म्हणाल्या, "चाललं ना वीस वर्षं? परत बसवा."

काकांनी तो तुकडा बसवला नाही. नवीन भाग भद्रकालीच्या भंगारबाजारात पाच महिने शोधला. तो बसवायला जे जे उघडलं, त्याच्या सह्या रद्द झाल्या. उघडलं की सही रद्द. हाही नियमच. एकतीसच्या बावीस झाल्या.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात लाटणं तसंच.

"अहो, विमान वरून पडतं म्हणून तपासतात. ही कुठून पडणार आहे?"

"मालेगावला जाताना राहूड घाट लागतो," काका म्हणाले.

नव्याण्णवच्या डिसेंबरात मालेगावहून शेजारणीचा फोन आला. वत्सलाबाई तिसऱ्यांदा पडल्या होत्या. मुका मार होता. त्या सकाळी काकूंनी कॅलेंडरवर संक्रांतीनंतरच्या शनिवारी गोल केला आणि सांगितलं, "या दिवशी गाडी मालेगावला जाणार." तेव्हा त्रेचाळीस सह्या झाल्या होत्या. एकाहत्तर राहिल्या होत्या.

भोगीच्या दिवशी काका कामावर असताना काकू रजिस्टर घेऊन माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

"कर सह्या."

"काकू, बघितलं नाहीये मी."

"तुझी पुस्तकं तू सगळी वाचूनच पेपर लिहितोस का?"

मी सह्या केल्या. एकाहत्तर. काकू दारातच उभ्या होत्या. शेवटची झाली तेव्हा म्हणाल्या, "देव तुझं भलं करो." त्या घरात इतका पटकन संपलेला दुसरा कुठलाही प्रकार मी पाहिला नाही.

काकांनी संध्याकाळी रजिस्टर उघडलं. ओरडले नाहीत. लाल पेन्सिल घेतली आणि एकाहत्तर सह्यांवरून एक तिरकी रेघ मारली.

"एका बैठकीत केल्यास."

"कशावरून?"

"शाई एक. आणि एकाही सहीला तेल लागलेलं नाही."

शनिवारी काकू एस्टीनं मालेगावला गेल्या. रविवारी एकट्याच परत आल्या. आई म्हणाली होती, "उपेंद्ररावांची गाडी पास झाली की येते. घाई कशाला?" काकूंनी हे काकांना सांगितलं नाही. मला सांगितलं, काका ऐकतील इतक्या आवाजात.

फेब्रुवारीत वत्सलाबाई चौथ्यांदा पडल्या. या वेळी खुबा मोडला. मालेगावहून ॲम्ब्युलन्सनं त्यांना नाशिकला आणलं. खुब्याचा गोळा बदलला. तीन आठवड्यांनी त्या घरी आल्या. अट मोडून, आडव्या. पुढच्या खोलीत त्यांची कॉट लावली. खिडकीतून पोर्च दिसायचा. त्या फियाटकडे बघत पडून राहायच्या. जावयाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. काका त्या खिडकीसमोरून वाकून जायचे.

काकू अकरा दिवस काकांशी बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी त्यांनी पदर खोचला, जुनी सतरंजी पसरली आणि गाडीखाली गेल्या.

"रजिस्टर द्या इकडे," खालून आवाज आला. "चव्वेचाळीसपासून वाचा."

मला कुणी विचारलं नाही. ते योग्यच होतं.

काकूंना उरकायला आठ महिने लागले. काका वाचायचे, त्या बघायच्या आणि प्रत्येक नोंदीला भांडायच्या. "हे घट्ट म्हणता तुम्ही? माझ्या कुकरचं झाकण यापेक्षा घट्ट बसतं." त्र्याऐंशीव्या नोंदीला त्यांनी मागच्या ब्रेकच्या नळीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

"इथे खरबरीत लागतंय."

नळी पट्टीला घासत होती. अर्धी झिजली होती. ती काकांनी स्वतः बसवली होती. नोंदीपुढे त्यांची सही होती, आणि शेजारी माझी, लाल रेघेखाली. त्या शनिवारी आम्ही राहूड घाट चढून उतरलो असतो.

काका पायरीवर बसले. बराच वेळ ते नळीचा तुकडा हातात फिरवत होते. मी काहीतरी बोलायला गेलो. काकू म्हणाल्या, "तू गप्प बैस."

त्यानंतर मला काकांवर नीट चिडताही येईना. याचाच जास्त संताप आला.

दिवाळीत गाडी पास झाली. एकशे चौदा नोंदी, दोन्ही रकाने भरलेले. काका गंगापूर धरणापर्यंत एकटेच जाऊन आले. येताना हॉर्न वाजवला. वत्सलाबाई वॉकर घेऊन पोर्चमध्ये उभ्या होत्या. लुगडं नेसून, पर्स घेऊन.

"चला उपेंद्रराव. मालेगाव."

"आई, आता कशाला मालेगाव?"

"घराला कुलूप शेजारणीनं लावलंय. मला माझ्या हातानं लावायचंय."

काकांनी मागचं दार उघडलं आणि सीटकडे बघत राहिले. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघा खुब्याच्या वर येईल इतकं खाली बसायचं नाही. गोळा निसटेल. फियाटची सीट तर जमिनीला टेकल्यासारखी.

"दोन गाद्या टाका," वत्सलाबाई म्हणाल्या.

"गादी दबते, आई."

"मग तीन टाका."

"तिन्ही दबतात. माप राहत नाही."

"डॉक्टरांनी ह्याच सीटवर बाळंतिणी नेल्यात!"

काकांनी ऐकलं नाही. ते टेप घेऊन आले. सीटखाली लोखंडी चौकट करायची, चार पाय, खाली बोल्टनं आवळायची, म्हणजे सीट वर येईल आणि हलणार नाही. पुढच्या रविवारी त्यांनी वत्सलाबाईंना फळ्यांच्या चळतीवर बसवून उंची मोजली. साडेअठरा इंच. चौकट झाली. तोवर व्यायामानं त्यांचा पाय जास्त वाकायला लागला. पुन्हा मोजलं. साडेसतरा. चौकटीचे पाय कापले. हिवाळ्यात सांधा आखडला. पुन्हा अठरा, पुन्हा नवे पाय.

"उपेंद्रराव, मी काही पिस्टन नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. पण दर रविवारी लुगडं नेसून फळ्यांवर बसल्या.

तीन पाय ठरले आणि बसले. चौथा जिथे येत होता तिथे गाडीचा तळ गंजलेला निघाला. तो पत्रा कापून नवा घालायचा. काकूंनी विचारलं, "तळ उघडला की सह्या रद्द?"

"तळावरच्याच."

"किती?"

"एकोणीस."

काकूंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि आत गेल्या. पुढच्या रविवारी सतरंजी घेऊन पुन्हा आल्या.

वत्सलाबाई दोन हजार दोनच्या जुलैमध्ये गेल्या. झोपेतच. त्या गाडीत एकदाही बसल्या नाहीत. मालेगावचं कुलूप तसंच आहे, शेजारणीनं लावलेलं.

आता मी ओझरला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. काका निवृत्त झाले. रविवारी कधी जातो. पत्रा नवा घातला आहे. एकोणीस सह्या काकूंनी पुन्हा केल्या आहेत, सगळ्या तेलकट. लोखंडी चौकट गाडीत मागे आहे, तीन पायांवर, चौथ्या कोपऱ्याखाली लाकडाची ढलपी सरकवलेली. चौथा पाय टेबलावर शेगड्याच्या लोखंडी जबड्यात पकडलेला असतो. अठराच्या मापाला कापलेला, कडा कानशीनं घासलेल्या. बोल्टचं भोक पाडायचं राहिलं आहे.