आवळ्याची प्रदक्षिणा

‘निसर्गरम्य’ हा शब्द ऐकला की हल्ली माझं डोकं फिरतं. एखाद्या जागेला तो शब्द चिकटला रे चिकटला, की तिथे पहिल्यांदा फरशी येते. मग फरशीवर प्लास्टिकचं हिरवं गवत येतं, गवतावर सिमेंटचं हरीण येतं, आणि हरणाच्या शिंगांना धरून फोटो काढायला आपण सगळे रांगेत उभे राहतो. डोंगर आहे तिथेच असतो बिचारा. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढायचा असतो.

हालोल सोडून जांबुघोड्याच्या वाटेला लागलं की डोंगरांच्या मध्ये एक तळं लागतं. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्हीही जाल. माझ्या लहानपणी तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं, म्हणजे तळं होतं, मागे डोंगर होता, पाण्यात म्हशी होत्या आणि मातीच्या बांधावर आवळ्याची झाडं होती. बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमच्यासारखी मराठी घरं कार्तिकात तिथे आवळीभोजनाला जायची. झाडाची पूजा करायची, बुंध्याला सूत गुंडाळायचं, प्रदक्षिणा घालायची आणि त्याच झाडाखाली सतरंज्या टाकून जेवायचं. चातुर्मासात वांगं बंद असायचं, त्यामुळे त्यानंतरचं पहिलं भरीत तिथे, त्या सावलीत. आधी आम्ही एसटीनं जात होतो, मग टेम्पोनं, मग ज्याच्या त्याच्या गाडीनं. बाकीच्या घरांचं जाणं हळूहळू सुटलं. आईचं सुटलं नाही.

मागच्या चैत्रात आई मोरीत घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन छान झालं, हाड जुळलं, सगळं झालं, आणि आई उठेना. डॉक्टर म्हणाले, “आता दुखणं हाडात नाही, मनात आहे. चालल्या नाहीत तर पुढे इच्छा झाली तरी पाय साथ देणार नाहीत.” व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायची. आई तिला चहा पाजायची, तिच्या मुलांची चौकशी करायची आणि वाटेला लावायची. मी तरसालीच्या माझ्या घरून एक दिवसाआड तिच्याकडे जात होते. रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, शेवटी हात टेकले. तिचं एकच म्हणणं, “ही गुळगुळीत फरशी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो गं.”

आणि दिवाळीच्या फराळाला बसलो असताना, कोणी काही विचारलेलं नसताना, आईच म्हणाली, “आवळीला मी चालेन. झाडाभोवती एक तरी फेरी घालीन. तिथे माती असते. पडले तर मातीत पडेन.”

डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “अहो, घेऊन जा! एकदा स्वतःच्या पायांनी फिरल्या की भीती मोडेल. पुढचं मी बघतो.” म्हणजे आता सगळं त्या एका फेरीवर होतं. वहिनीनं पहाटे उठून भरीत केलं, मसालेभात केला, भाकऱ्या थापल्या. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, गाडीत मागे उशा रचल्या. दादा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाला आहे, आणि कुठलीही ‘व्यवस्था’ दिसली की त्याला भरून येतं. हे सांगून ठेवते, कारण पुढे उपयोगी पडेल.

गेली दोन-तीन वर्षं दुखणीखुपणी आणि लग्नकार्यं यांच्या गडबडीत तळ्यावर जाणं झालं नव्हतं. आईनं आवळा घरीच, कुंडीत फांदी खोचून पुजला होता. त्यामुळे तळ्यावर काय झालंय याची आम्हाला कल्पनाच नव्हती.

मातीचा रस्ता होता तिथे कमान. कमानीच्या आत तिकिटाची खिडकी. खिडकीच्या पलीकडे, देवा रे, फरशी! नुसती फरशी. चकचकीत, तांबडी-पिवळी, पार पाण्यापर्यंत. बांध कुठे गेला कळेना. म्हशींच्या जागी बदकाच्या आकाराच्या होड्या. पाण्याच्या कडेला माणसापेक्षा उंच इंग्रजी अक्षरं आणि मध्ये लाल बदाम. मागचा डोंगर मात्र अजून होता, तो उचलून नेता आला नाही म्हणून.

दारावरच्या माणसानं डब्यांच्या पिशवीला हात घातला. “बेन, बहारनुं खावानुं अंदर नहीं चाले.”

“बाहेरचं? अहो, हे घरचं आहे!” मी आधी मराठीत ओरडले, मग गुजरातीत, मग हिंदीत. बडोद्याच्या माणसाला भांडायला तीन भाषा असतात, आणि त्या दिवशी तिन्ही अपुऱ्या पडल्या. मी विचारलं, आवळ्याखाली जेवायला आलोय, मग आवळ्याखाली काय खायचं, तुमचं पाकिटातलं पॉपकॉर्न? तो म्हणाला, अंदर फूड कोर्ट छे ने. वर हसूनसुद्धा म्हणाला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वहिनी कानाशी येऊन म्हणाली, “वन्सं, जेवण गाडीत जेवू. आईंची फेरी महत्त्वाची.” तिचं बरोबर होतं. डबे गाडीत ठेवले.

आवळ्याची झाडं सगळी गेली होती, एक सोडून. त्या एकाला का ठेवलं, तर आत बॅटरीच्या गाड्या फिरतात आणि त्यांना वळायला गोल हवा होता. झाड बरोबर मध्ये आलं. भोवती लोखंडी कठडा, खोडाला रोषणाईच्या तारा गुंडाळलेल्या. पूजेचं सूत गुंडाळायचं तिथे तारा! आणि झाडाभोवती ती गुळगुळीत फरशी, गाड्यांच्या येण्याजाण्याची.

दादानं आणि मी हातांची बैठक करून आईला आत आणलं आणि झाडासमोरच्या बाकावर बसवलं. तिनं माझा दंड धरला होता. तिची बोटं रुतली तेव्हा मला कळलं, तिनं खाली बघितलं होतं.

“आई, मी आहे ना. दोन्ही हात धरते. सावकाश.”

“माती कुठाय गं?” आईनं विचारलं.

काय सांगायचं? मी म्हटलं, “खाली आहे. फरशीच्या खाली.” मूर्खासारखंच बोलले, पण आई खरंच उठली. खरंच! गाडीतून काढलेल्या काठीवर एक हात, माझ्या हातात एक हात, आणि आईनं पाऊल टाकलं. मग दुसरं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

तेवढ्यात शिट्टी. निळ्या टोपीतली एक बाई धावत आली. चेहऱ्यावर माया नुसती ओसंडत होती, म्हणूनच मला जास्त संताप आला. “अरे अरे, माजी! तमे बेसो ने! चालवानी शुं जरूर छे?” म्हणजे आजी, बसा ना, चालायची काय गरज!

“जरूर छे!” मी कडाडले. “चालवा माटे ज तो लाव्या छीए!” चालायलाच तर आणलंय तिला!

तिला वाटलं मी पैशांसाठी कां कू करते आहे. म्हणाली, वडील माणसांना गाडी फुकट आहे, बेन, आणि गाडीच्या रस्त्यावर चालायला बंदी आहे, कोणी पडलं तर आमची नोकरी जाईल. मी म्हटलं, माझी आई चालली नाही तर तिचे पाय जातील, त्याचं काय? ती म्हणाली, बरोबर छे, बरोबर छे, आणि गाडीवाल्याला हाक मारली. माझं तोंड चालू होतं आणि तिनं तोवर आईच्या काखेत हात घालून तिला अलगद उचलून बसवलंसुद्धा. दादानं दुसऱ्या बाजूनं आधार दिला. दादानं!

“अगं, किती छान सोय आहे,” दादा म्हणाला, “उगाच कशाला वाद घालतेस?”

गाडी निघाली. तळ्याच्या काठानं, बदकांवरून, अक्षरांवरून, हरणाच्या शिंगांवरून फिरवून आणली, आणि परत वळायला आवळ्याच्या गोलाला वळसा घातला. दादानं फोन वर धरून शूटिंग केलं आणि टाळी वाजवून ओरडला, “आई! झाली प्रदक्षिणा! झाली की नाही?”

आईनं झाडाकडे हात जोडले. हसली. इतके महिने तिच्या तोंडावर असं मोकळं हसू मी पाहिलं नव्हतं. पण ते सुटकेचं हसू होतं, आणि ते मी एकटीनंच ओळखलं, कारण तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती, दादाच्या नाही.

“आता उतर,” मी म्हटलं, “आता एक फेरी पायांनी.”

“झाली ना गं,” आई म्हणाली. “देवाला काय, गाडी चालते.”

वहिनी डबे काढायला गाडीकडे गेली. टोपीवाली बाई मला समजावत होती की माजी खुश छे, तुम्ही कशाला टेन्शन घेता. भरीत बाकीच्यांनी गाडीत, पार्किंगमध्ये, कोणाच्या तरी हॉर्नच्या आवाजात खाल्लं. मी खाल्लं नाही. परतीच्या वाटेवर दादानं ते शूटिंग सगळ्या नातेवाइकांना पाठवलं आणि प्रत्येकानं हात जोडलेले पाठवले. कोणाला म्हणून कळलं नाही की काय बघतोय आपण!

पुढच्या आठवड्यात मी दांडिया बाजारात गेले तर पुढच्या खोलीत नवी कोरी चाकाची खुर्ची. दादानं मागवलेली. “तिकडे बघितलंस ना, किती आरामात बसली होती? मग म्हटलं, घरीही सोय करावी.” व्यायामाच्या बाईला त्यानं नको म्हणून कळवलंही होतं. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले. डॉक्टरांचं बोलणं ऐकवलं. तो ऐकत होता आणि खुर्चीचा ब्रेक कसा लागतो ते वहिनीला दाखवत होता.

मग मी आईसमोर जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पुढे केले. “ऊठ. माझे हात धर. इथून दारापर्यंत, बस्स. मी सोडणार नाही तुला.”

आईनं माझे हात हातात घेतले. कुरवाळले. आणि जिथून घेतले होते तिथे परत ठेवले.

“आता कशाला गं?” ती म्हणाली. “प्रदक्षिणासुद्धा झाली माझी.”