मुलुंडची अस्वलीण

मुलुंडला एके काळी प्राणीबाग होती असं सांगितलं, तर आज तिथलीच माणसं हसतात. मी तिच्या तिकिटाच्या खिडकीत साडेतीन वर्षं बसले आहे, म्हणून ठामपणे सांगते.

एका हौशी बंगलेवाल्याने आधी मागच्या आवारात चितळं आणि मोर पाळले. लोक कुंपणाशी गर्दी करायला लागले, तेव्हा त्याने फाटकच उघडून दिलं. मग माकडं आली, एक तरस आलं आणि शेवटी एका दरवेशाकडून सोडवून आणलेली अस्वलीण. मी पंचविशीतली, मॅट्रिक झालेली, बिनलग्नाची. घरच्यांना वाटे, ही काय नोकरीची जागा? मला ती झकास वाटे.

मालक वारले आणि मुलांनी बाग बंद करायची ठरवली. जनावरं शहरातल्या मोठ्या प्राणीबागेत जायची होती. चितळं, माकडं, तरस, सगळी दोन दिवसांत गेली. अस्वलिणीसाठी पिंजरा घेऊन ट्रक आला, त्यासोबत दोर आणि बांबू घेतलेले चार हमाल. दोर दिसताच ती मागच्या खडकावर चढली आणि लहान मूल रडावं तशी कण्हायला लागली. दरवेशाने वेसण घातलेल्या जागी तिच्या नाकाला अजून खाच होती.

तिची देखभाल करणारे मालवणकडचे काका दारात आडवे उभे राहिले. मला म्हणाले, "बाय, आठ दिस देवा. ती आपसूक जातली."

हमालांचा मुकादम वैतागला. "आठ दिवस? अर्ध्या तासाचं काम आहे."

"दोर आत जाणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही कोण सांगणार?"

"किल्ल्या माझ्याकडे आहेत." मी जुडगा पदराला बांधला आणि बंगल्यावर जाऊन मालकांच्या थोरल्या मुलाला फोन केला. तो चिडला, पण मी एकेक मुद्दा शांतपणे मांडत गेले. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. नवव्या दिवशी मला आवार रिकामं पाहिजे." भीती वाटली का, असं नंतर बहिणीने विचारलं. नाही वाटली. माझं बरोबर होतं.

ट्रकमधला पिंजरा उतरवून तिच्या कुंपणाच्या आत ठेवला, त्याचं दार उघडं बांधून. काका रोज गूळभाकरी ठेवायचे, आधी दाराशी, मग वीतभर आत. तीन दिवस तिने पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी एक पाय आत टाकून अर्धी भाकरी ओढून नेली. सहाव्या दिवशी दुपारी पाहते तर बाई पिंजऱ्यात आडव्या पडून घोरतायत! आठव्या दिवशी काकांनी तिच्याशी मालवणीत गजाली करत करत दार हळूच खाली सोडलं. तिने मान वर केली, एवढंच.

काका ट्रकमध्ये तिच्या शेजारी बसून गेले, आणि तिकडच्या साहेबांनी त्यांना कामावर ठेवूनही घेतलं. मी फाटकाला कुलूप लावलं, किल्ल्या देऊन आले आणि पुढच्याच महिन्यात घाटकोपरच्या एका शाळेच्या ऑफिसात रुजू झाले.

दिवाळीच्या सुट्टीत तिला बघायला गेले. काकांनी हाक मारताच ती उठून गजांशी आली. माझ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. काका ओशाळले. मी म्हटलं, "अहो काका, मी बाहेरच्या खिडकीत बसायचे. तिने मला बघितलंय कधी?"