‘कांदा बाजारभाव’ नावाच्या फाइलमध्ये आई

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... मस्कतला हॉटेलच्या किचनमध्ये दिवसभर राबल्यावर घाबरायला तरी अंगात काय उरतं?

माझं गाव शिरूर तालुक्यातलं निमोणे, आई तिथं भाऊ-वहिनीकडं असते. आईच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ती जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणायची. तो आवाज मला ठेवून घ्यायचा होता, पण फोन समोर धरला की ती लाजून गप्प बसायची.

दौंडला सचिनदादा छोटा इंटरनेट रेडिओ चालवतात. ते म्हणाले, "शुक्रवारी दुपारी मावशींना लाइव्ह घेतो." माझी तेव्हा ड्युटी. रूमवरच्या बिजूनं त्याच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून दिलं. वेळ लावली की रेडिओवर चालू असेल ते आपोआप रेकॉर्ड होतं, आणि स्टेशन पाठवेल तेच नाव फाइलला पडतं. बिजूचे उपकार विसरणार नाही.

ड्युटीवरून आलो तर फाइलचं नाव — ‘कांदा बाजारभाव’. वाटलं, आईऐवजी भलतंच रेकॉर्ड झालं. तरी चालू केली. आई गात होती.

आभार मानायला दादांना फोन केला.

"कसले आभार? मावशी आल्याच न्हाईत. बेड मिळाला म्हणून काल रातीच पुण्याला नेलं. आत्ता ऑपरेशन चालू हाय. तुला घोर नको म्हणून तुझी वहिनी बोलली नसंल. आम्ही तासभर कांद्याचंच दळण दळलं."

मी फाइल पाठवली. बऱ्याच वेळानं त्यांचा फोन आला. "मागं किरकिरतोय ना, तो आमच्या स्टुडिओतला पंखा हाय."

आई त्या स्टुडिओची पायरी कधी चढलेलीच नाही.

बिजू म्हणतो, सॉफ्टवेअर मनचं काही घालत नाही. मला विचाराल तर काहीच कळत नाही... आता विचार करूनही थकलोय.

आई घरी आल्यावर व्हिडिओ कॉलवर ते ऐकवलं. प्रत्येक ओवीला तिचे ओठ हलत होते. मग शेवटची आली —

गळा गेला जाऊ दे रं, बाळा नको घोर जिवा
सूर माझा ठेविला मी तुझ्यापाशी ठेवा

इथं तिचे ओठ थांबले. तिनं वहिनीकडं पाहून हात हलवला. वहिनी म्हणाली, "भावजी, आत्या इचारत्यात, ही कुणाची? ही त्यांना येत न्हाई."

मी म्हणालो, "तुझीच हाय, आई."